घराचे देणे

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थाने केली, त्याने 'घर पाहावे सोडून' हा आणखी एक चरण तीत का घातला नाही, याचा विचार अलीकडे आमच्या मनात वारंवार येतो. त्याच्या काळी घरे सुटत नव्हती असे नाही. दुष्काळ पडे, धाड येई, नदी चढे आणि गावेच्या गावे उठून जात. परंतु ती घरे माणसे सोडीत नसत, ती त्यांच्या हातून सुटत. ज्याची कौले धड आहेत, ज्याच्या भिंतींस चुना लागून फार दिवस झालेले नाहीत, असे सुस्थितीतील घर स्वखुशीने, दिवस पाहून, सामानाची यादी करून सोडावे, हा प्रकार त्या म्हणीच्या कर्त्यास बहुधा सुचलाच नसावा. आज नाशिकच्या जुन्या गावठाणात तो इतका सार्वत्रिक झाला आहे की, बोळाबोळांतून सामानाचे टेंपो निघालेले पाहून कोणी मान वर करूनही पाहत नाही. असे घर सोडण्यात काही अधर्म आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठे आहे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हांस निव्वळ तात्त्विक नाही. सराफ बाजाराच्या मागील एका बोळातील ज्या वाड्यात आमच्या चार पिढ्या नांदल्या, तो सोडून आम्ही दोन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याच्या बाजूस एका सदनिकेत राहावयास आलो. वाडा मोडकळीस आलेला नव्हता. २००८ साली सप्टेंबर महिन्यात गोदावरीस महापूर आला, तेव्हा आमच्या ओसरीवर पाणी चढले. १९६९ च्या पुराची हकीकत आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकत आलो होतो. दुतोंड्या मारुतीच्या कमरेस पाणी लागले की छातीस, यावर पुराची मोजदाद करण्याची या गावाची रीतही आमच्या अंगवळणी पडलेली होती. परंतु पाणी ओसरल्यावर घराकडे पाहणे ही निराळीच गोष्ट आहे. चौकातील सहा सागवानी खांबांपैकी तिघांचे पाय तळखड्यावर भुसभुशीत झालेले आढळले. पुढील दोन वर्षे त्या वाड्याची दुरुस्ती चालली. कुजलेला भाग कापून त्या जागी जुन्याच सागाचा सांधा भरला. माजघरावरील दोन तुळया बदलल्या. कडीपाट उतरवून, वाळवी काढून पुन्हा चढविले. भिंतींस सिमेंटचा गिलावा स्वस्त आणि झटपट होईल, असा सल्ला पुष्कळांनी दिला. परंतु पांढऱ्या मातीत रचलेल्या भिंतीवर सिमेंट फासले म्हणजे आतील ओल आतच कोंडते आणि भिंतीत शिरलेली लाकडांची टोके आधी कुजू लागतात, हे एका जाणत्या गवंड्याने समजावून दिल्यावर आम्ही चुन्याचाच आग्रह धरला. चुना महिनाभर भिजत घालणे, तो घाणीत मळून घेणे, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी मिसळणे, हे सारे आमच्या देखत झाले. घरातील मुलांनीही त्यात हात माखून घेतले. काम संपले तेव्हा पाहणारे म्हणत, आता आणखी शंभर वर्षे चिंता नको.

मग सोडला का? कारणे अगदी सामान्य आहेत. जिना अरुंद, काळोखा आणि शिडीसारखा उभा. आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या. वरच्या मजल्यावर नळाचे पाणी चढत नसे, आणि ज्या बादल्या वर चढत त्या आमच्या सुनेच्या हातांनी चढत. बोळात रुग्णवाहिका शिरत नाही. एका रात्री मातोश्रींस खुर्चीत बसवून, ती खुर्ची चौघांनी उचलून हमरस्त्यापर्यंत न्यावी लागली. त्या बरोबर एकोणीस पावलांच्या जिन्याने आणि दीडशे पावलांच्या बोळाने जे सांगितले, त्याला कोणाचे भाषण पुरे पडले नसते. त्या आठवड्यातच नव्या जागेचा शोध सुरू झाला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहारी माणसांचा: एवढा पैसा घातला, एवढे कष्ट केले, ते वायाच गेले म्हणावयाचे! हा आक्षेप नैतिक भाषेत बोलत असला तरी त्याचे पोट हिशेबाचे आहे, आणि तो हिशेबही चुकीचा आहे. दुरुस्तीचा पैसा ही ठेव नसते. त्या दुरुस्तीनंतर तेरा वर्षे आम्ही त्या छताखाली राहिलो. दोन लग्ने झाली, वडिलांचे अखेरचे आजारपण माजघरात निघाले, एका नातवंडाने त्याच चौकात पहिले पाऊल टाकले. पोटभर जेवलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून कालचे जेवण व्यर्थ गेले असे म्हणू नये. खर्च झाला आहे म्हणून राहत राहणे हे निष्ठेचे लक्षण नव्हे. बाटली संपावयाची राहिली आहे म्हणून न लागू पडणारे औषध घेत राहणारा रुग्ण आणि असा घरमालक यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो म्हणतो, वाडा तुमचा नव्हता, पूर्वजांचा होता. तुम्ही केवळ राखणदार. परंतु येथे एक जुनी शंका आड येते. आमच्या नव्या घराच्या गच्चीवरून दक्षिणेकडे त्रिरश्मीचा डोंगर दिसतो, आणि त्याच्या पोटातील पांडवलेणी पाहिली की बौद्ध परंपरेतील मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाची सहजच आठवण होते. रथ म्हणजे चाक काय, आस काय, दांडी काय, असे नागसेन राजाला विचारीत जातो, आणि यांपैकी कोणतीही एक वस्तू रथ नव्हे हे राजास कबूल करावे लागते. आमच्या वाड्यासही तीच चौकशी लावून पाहा. खांबांचे पाय बदललेले, तुळया नव्या, गिलावा नवा, कौले आजोबांनी बदललेली, फरशी वडिलांनी घातलेली. पणजोबांनी बांधलेला म्हणून जो वाडा आम्ही मिरवीत होतो, त्यात पणजोबांच्या हातचे असे जोते, देवघरातील कोनाडा आणि दिंडी दरवाजाची चौकट एवढेच खात्रीने उरले होते. जपानातील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर संपूर्ण नवे बांधतात. २०१३ साली ते असे बांधले गेले. नव्या मंदिरास कोणी नवे म्हणत नाही, आणि उतरविलेल्या जुन्या मंदिराचे लाकूड देशातील इतर देवळांच्या कामी देतात. तेथे लाकूड टिकवावे लागत नाही. बांधण्याची विद्या आणि बांधणारे हात टिकविले म्हणजे मंदिर टिकले, अशी त्यांची समजूत.

हा युक्तिवाद आम्हांस पटतो, तरी घर सोडण्याच्या दिवशी त्याचा काडीइतका उपयोग होत नाही, हेही सांगून टाकले पाहिजे. नागसेनास त्या रथातून उतरून पायी जावयाचे नव्हते. मात्र त्यातून एक गोष्ट हाती लागते. पूर्वजांनी आमच्या स्वाधीन केला तो लाकडा-विटांचा ढीग नव्हे, तर त्याकडे लक्ष ठेवण्याचा क्रम. आजोबांनी कौले पाहिली, वडिलांनी फरशी पाहिली, आम्ही खांब पाहिले. वारसा द्यावयाचा असेल तर तो या पाहण्याचा आहे, आणि त्यासाठी तेथे निजलेच पाहिजे असे नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

नाशिककरांनी घर सोडण्यास भ्यावे हे तसे विनोदाचेच आहे. हे गाव मुळी घर सोडून आलेल्यांचे. अयोध्या सोडून आलेल्या रामचंद्रांसाठी लक्ष्मणाने पंचवटीत पर्णकुटी बांधली, आणि आत पाऊल ठेवण्यापूर्वी गोदावरीत स्नान करून, फुले वाहून यथाविधी शांती केली, असे वाल्मीकींच्या अरण्यकांडात आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पश्चात गोपिकाबाई शनिवारवाडा सोडून गंगापुरास येऊन राहिल्या, आणि राघोबादादांनी आनंदवल्लीस वाडा बांधला तोही पुण्यात मन रमेना म्हणूनच. सर्वांनी येथे येऊन घरे केली. परंतु या कथांतही एक गोष्ट चटकन नजरेत भरते: घरात शिरण्याचा विधी आहे, घरातून निघण्याचा नाही. वास्तुशांत आहे, गृहप्रवेश आहे. दहा दिवसांच्या पार्थिव गणपतीसही आपण उत्तरपूजा केल्यावाचून हलवीत नाही. परंतु शंभर वर्षे ज्याच्या छायेत राहिलो त्या घरास मात्र आपल्या रूढीत निरोपाचा म्हणून विधी नाही. लोक आपापल्या परीने काही करतात. देव आधी नेतात, रिकाम्या देवघरात रात्रभर समई ठेवतात, उंबरठ्यावर दहीभात ठेवतात. आम्हीही समई ठेविली. परंतु विधी नाही, म्हणजे 'एवढे केले की तू मोकळा झालास' असे सांगणारे कोणी नाही. आणि अनेक कुटुंबांत घर सोडल्यावर वर्षानुवर्षे जी एक अस्वस्थता रेंगाळते, तिचे मूळ आमच्या मते येथे आहे.

या अस्वस्थतेविषयी मातोश्रींचे मत मात्र अगदी निराळे पडले. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही आणि आमचे कनिष्ठ बंधू चौकात मुके होऊन बसलेले पाहून त्या म्हणाल्या, "अरे, तुम्ही पुरुष घर पहिल्यांदाच सोडताय, म्हणून हा बाऊ. मी सतराव्या वर्षी सिन्नरचं घर सोडलं. तेव्हा कोणी विचारलं होतं का, त्या घराचं काय होईल म्हणून?" त्यांच्या या बोलण्याने त्या म्हणीकडे पाहण्याची आमची दृष्टीच पालटली. घर सोडून पाहण्याचा चरण तीत नाही असे आम्ही वर म्हटले. परंतु तो 'लग्न पाहावे करून' यात दडलेला आहेच. केवळ म्हणीचा कर्ता पुरुष असल्यामुळे त्यास तो दिसला नाही. निम्म्या मनुष्यजातीस आपण पिढ्यान्पिढ्या जन्मघरातून उठवून परक्या घरी नेत आलो, आणि ते उठणे हा कर्तव्याचा भाग समजलो; तोच प्रसंग एकदा पुरुषाच्या वाट्यास आला की लगेच तो वास्तूशी द्रोह, पूर्वजांशी बेइमानी ठरतो! वाड्याविषयी अश्रू ढाळणाऱ्या लेखांत पाणी वर नेणारीचा उल्लेख क्वचितच येतो, हेही येथेच नोंदविले पाहिजे. ज्या घराचे सौंदर्य एकाच्या पाठीच्या कण्यावर तोललेले आहे, ते घर त्या कण्याचा विचार करून सोडणे यात आम्हांस कोणताच अधर्म दिसत नाही.

तर मग अधर्म कशात आहे? आपल्या भाषेने या ठिकाणी दोन शब्द करून ठेवले आहेत: सोडणे आणि टाकणे. गाव सोडतात, नोकरी सोडतात, मामाकडे राहिलेली भाची सुट्टी संपताच मामाचे घर सोडते. त्यात दोष नाही. परंतु टाकलेली बायको, टाकलेले मूल, टाकलेले जनावर म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळास आठी पडते. सोडणारा निघून जातो तेव्हा मागे राहिलेल्याची काही तरी वाट लावून जातो; टाकणारा केवळ निघून जातो. घराच्या बाबतीत या दोहोंमधील अंतर फार थोडे आहे, आणि बहुधा ते एका कुलपाएवढेच असते.

हे कुलूप प्रेमाच्या नावाने लावले जाते, हे त्यातील विशेष. आमच्या बंधूंचे म्हणणे तेच होते: "दादा, विकायचा नाही, पाडायचा नाही. कुलूप लावून ठेवू. आपला वाडा आहे एवढं तरी राहील." वाक्य ऐकावयास गोड आहे, आणि जुन्या नाशकात असे गोड वाक्य बोलून लावलेली कुलपे शेकड्यांनी पाहावयास मिळतात. परंतु वाड्यात माणूस राहत असतो तेव्हा तो नकळत वाड्याची सतत चाकरी करीत असतो. सरकलेले कौल त्यास रात्री थेंब पडताच कळते. पन्हळीत अडकलेला पालापाचोळा तो सहज काठीने ढकलतो. चूल पेटते, समई जळते, खिडक्या उघडतात, मिटतात, आणि भिंती कोरड्या राहतात. हे सारे थांबले की पहिल्या पावसाळ्यात एक कौल, दुसऱ्यात एका वाशाचे टोक, तिसऱ्यात भिंतीत पिंपळाचे रोप, असा क्रम सुरू होतो. 'घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण माणसांच्या कृतघ्नपणास लावतो. कुलपाच्या आत ती अक्षरशः खरी होते, आणि तेथे कृतघ्न वासे नसतात.

यावर कोणी म्हणेल, आमचे घर, आमची भिंत. पडली तर आमचे नुकसान. जुन्या गावात राहिलेल्या माणसाच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही. येथील वाडे पाठीस पाठ लावून उभे आहेत. एकीकडील तुळई आणि दुसरीकडील तुळई एकाच सामाईक भिंतीत विसावलेल्या असतात. आमच्या माजघरातील ओल ती शेजारच्या देवघरातील ओल. वाडा पडतो तेव्हा त्याचा ढीग मालकीहक्काची रेषा ओळखत नाही. नाशिक महानगरपालिका दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांस नोटिसा देते. जुन्या गावात वाडा किंवा भिंत कोसळल्याची बातमी पावसाळ्यात नवी नाही. बंद वाड्याच्या दारावर चिकटवलेली नोटीस वाचावयास आत कोणी नसते, आणि ज्याच्या नावे ती निघाली तो सात-आठ मैलांवर कोरड्या सदनिकेत पाऊस पाहत बसलेला असतो.

येथे दुरुस्तीचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. लोक समजतात की दुरुस्ती केली म्हणून घरात राहण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. आमच्या मते दुरुस्तीने उत्पन्न होणारे कर्तव्य निराळे, आणि अधिक कडक आहे. ज्याने घर उघडून पाहिले, त्यास घराचे दुबळेपण ठाऊक झालेले असते. कोणत्या खांबाच्या सांध्यावर भार आहे, उत्तरेच्या भिंतीत पाणी कोठून उतरते, शेजाऱ्याची कोणती तुळई आमच्या भिंतीवर टेकली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्या काकांच्या मुलांस ते नाही, कारण दुरुस्तीच्या वेळी ते दूरगावी होते. म्हणून कुलूप लावून निघून गेलेला अजाण वारस आणि कुलूप लावून निघून गेलेला जाणता दुरुस्तीकार यांच्या वर्तनात अंतर आहे. पहिल्यास 'मला काय माहीत' असे म्हणता येते. दुसऱ्याने ते म्हणू नये. दुरुस्तीने घर आमचे झाले नाही, आम्हीच त्याचे माहितगार झालो, आणि माहितगारास पाठ फिरविण्याची मोकळीक नसते. वारसा पाहण्याचा असतो असे वर म्हटले ते याच अर्थाने.

तळमजल्यावरील दोन खणांत एक तांबटकाका राहतात. त्यांच्या वडिलांस आमच्या आजोबांनी जागा दिली तेव्हापासूनचे ते भाडेकरू. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने गोठलेले भाडे, आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्यावर दर वर्षी शेकडा चार वाढ. त्या रकमेत वाड्याची वर्षाची कौलेही बदलत नाहीत, ही घरमालकांची तक्रार खरी आहे. पन्नास वर्षे भाडे गोठले म्हणून मालकाने दुरुस्ती थांबविली, दुरुस्ती थांबली म्हणून वाडा कुजला, आणि कुजला म्हणून भाडेकरूसह पडला, ही साखळी एकट्या नाशिकची नाही. मुंबई-पुण्यासही ती ठाऊक आहे. परंतु कायद्याने भाडेकरू चिकटून राहिला असे आपण म्हणतो त्याच वेळी हेही खरे असते की, मालक निघून गेल्यावर वाड्यात दिवा लावणारा तोच एक उरतो. आम्ही निघालो त्या दिवशी तांबटकाका ओसरीवर उभे होते. मातोश्रींस ते एवढेच म्हणाले, "वहिनी, वरची मोरी बंद ठेवायला सांगा. पाणी माझ्या भट्टीवर येतं." निरोपाच्या प्रसंगी आमच्या मनात पूर्वज, वास्तुपुरुष, पिंपळ असले विचार घोळत होते, त्यांच्या मनात मोरी होती. त्या क्षणी वाड्याचा खरा वारस कोण, असा प्रश्न कोणी विचारला असता तर आम्हांस उत्तर द्यावयास थोडा विलंब लागला असता.

जुने वाडे हे गावाचे वैभव, ते पाडू देता कामा नये, असे म्हणणारांची संख्या वाढत आहे, आणि त्यांच्या तळमळीबद्दल आम्हांस आदर आहे. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा संरक्षित स्मारक म्हणून शासनाने राखला, हे योग्यच झाले. परंतु रविवारी सकाळी कोरीव कंसांची छायाचित्रे घेऊन दुपारी उद्वाहनाने आपल्या सहाव्या मजल्यावर चढणाऱ्या रसिकाने वाड्यात राहणाऱ्या सुनेस त्यागाचा उपदेश करावा, हे आम्हांस रुचत नाही. गावास वाडे हवे असतील तर गावाने त्यांचा भार उचलावा. एका घराच्या गुडघ्यांवर तो टाकू नये. उलटपक्षी, वाडा उतरवावाच लागला तर तो इसे येथील मंदिराप्रमाणे उतरविता येतो, हेही लक्षात ठेवावे. आज जुन्या वाड्यांचे खांब हॉटेलांच्या दर्शनी भागात शोभेसाठी उभे केलेले दिसतात. त्यांच्या डोक्यावर कसलाच भार नसतो. तेच लाकूड गावातील दुसऱ्या वाड्याच्या सांध्यात बसले असते तर त्याचे आयुष्य सार्थकी लागले असते. आमच्या खांबांत जे जुने साग भरले, ते अशाच एका उतरविलेल्या वाड्यातून आलेले होते, आणि ते देणाऱ्या गृहस्थांनी वजनाचा भाव न लावता केवळ वाहतुकीचे पैसे घेतले होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सोडावे की राखावे, ही चर्चा ज्यास दुसरे घर घेता येते त्याची आहे. गोदावरीच्या काठावरील काझीच्या गढीवर जी कुटुंबे राहतात, त्यांच्या पायाखालची माती दर पावसाळ्यात ढासळण्याचे भय असते; त्यांस स्थलांतराच्या सूचना मिळतात, आणि ती हलत नाहीत. त्यास कोणी हट्ट म्हणतात. परंतु जाण्यास ठिकाण नसणे आणि जाण्याची इच्छा नसणे या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. आमच्या कुटुंबातील खलबते ऐकून गढीवरील एखादी आई हसली असती, आणि तिचे हसणे अयोग्य ठरले नसते.

राहता राहिला प्रश्न व्यवहाराचा. मिळकतीच्या पत्रकावर अकरा नावे आहेत. त्यांतील दोघे परदेशी, एकाशी बोलणे बंद. सर्वांच्या सह्या होऊन वाडा विकावा, उतरवावा की तांबटकाकांचे दोन खण त्यांच्या नावे करून बाकीचे पाहावे, हे ठरावयास किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही. पुतण्यांस विकासकाची घाई आहे, बंधूंस कुलपाची. आम्ही दोहोंस विरोध केला, आणि वाट मिळाली ती त्रिरश्मीच्या डोंगरावरच. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणे कोरून ते भिक्षुसंघास दिले एवढेच सांगून तो थांबत नाही. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत कायमचे ठेवले. दोन हजार शेकडा एक दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याज घ्यावयाचे आणि त्यातून त्या लेण्यात राहणाऱ्यांच्या चीवरांची व किरकोळ खर्चाची तरतूद व्हावयाची. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा माणूस त्या लेण्यात स्वतः राहणार नव्हता. तरीही पावसाळ्यात तेथे जो राहील तो उघडा पडू नये, याची तजवीज त्याने दरासकट दगडात खोदून ठेवली.

आम्हांस दगड परवडणारा नव्हता. नवे घर घेऊन जे थोडे उरले त्यात बंधूंनी आणि आम्ही निम्मी निम्मी भर घालून बँकेत मुदतठेव केली आहे. तिच्या व्याजातून दर वैशाखात वाड्याची शाकारणी, पन्हळींची सफाई आणि उत्तरेच्या भिंतीची पाहणी व्हावयाची, असे एका साध्या कागदावर लिहून खाली दोघांच्या सह्या केल्या. वाड्याच्या किल्ल्या दोन. एक आमच्याजवळ, एक तांबटकाकांच्या मुलाजवळ. कौलांवर तोच चढतो, आणि त्याची मजुरी त्याच व्याजातून जाते. मातोश्री दर वर्षी एकदा मोरीची चौकशी करतात. गेल्या वैशाखात तीन डझन कौले आणि एक वासा बदलला. पश्चिमेची पन्हळ गंजल्यामुळे सबंध नवी घालावी लागली, आणि व्याज बाराशे रुपयांनी अपुरे पडले. ते बंधूंनी दिले.